काय बदललं आणि का

घरी या, चहा घ्या, उन्हाचे आलात तर दोन घास खाऊन जा, पण माझ्या प्रोग्रॅममध्ये मला न सांगता हात घालू नका. हे मी किती जणांना, किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. लोक हसायचे, चहा प्यायचे आणि जाताना टेबलावर फ्लॉपी ठेवून जायचे. 'थोडंसं केलं आहे मॅडम, लावून घ्या.' थोडंसं म्हणजे काय, कुठे, कशासाठी, हे विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. 'पाहून घेजा ना, समजते तुम्हाले.'

त्या वेळी मी वर्ध्यातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवत होते. आम्ही राहायचो बोरगाव मेघेला. नवरा टेलिफोन खात्यात, सासूबाई आमच्याजवळ. एप्रिल आला की शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना निकालाचा ताप चढायचा. एकेका वर्गाचा चादरीएवढा तक्ता, त्यावर पेन्सिल, पट्टी, खोडरबर, आणि बेरीज चुकली की मागच्या बाकावरून सुस्कारे. एका वर्षी मला ते पाहवेना. सुटीच्या दिवसांत बसून मी निकालाचा एक प्रोग्रॅम लिहिला. गुण भरले की बेरीज, टक्के, पास-नापास, वर्गातला क्रमांक, सगळं आपोआप. शेवटी फळ्यावर लावायची यादीही छापून निघायची.

शिक्षकांना तो इतका आवडला की पुढच्या वर्षी बाहेरच्या शाळा मागायला आल्या. त्याच सुमारास नागपूरहून इंजिनिअरिंगची काही मुलं वर्ध्याच्या एका कार्यक्रमात बोलायला आली होती. प्रोग्रॅम नुसता वाटू नका, तो कसा लिहिला आहे तेही लोकांना द्या, लोक तो वाचतील, सुधारतील, सुधारणा परत आणून देतील आणि सगळ्यांचं भलं होईल, असं ती मुलं सांगत होती. माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. मी माझ्या प्रोग्रॅमचा सगळा कोड सीडीवर घालून, फुकट, जो मागेल त्याला द्यायला लागले. लोक सुधारणा परत आणून देतील, हे त्या मुलांनी सांगितलं होतं. त्या कशा आणून देतील हे सांगितलं नव्हतं.

पहिली सुधारणा आली ती हिंगणघाटच्या बाजूच्या एका शाळेतून. प्रोग्रॅम सुरू करताच पडदाभर गणपती. त्याखाली मुख्याध्यापकांचं नाव, त्याखाली संस्थाध्यक्षांचं नाव, त्याखाली 'सहर्ष स्वागत'. हे मी सगळ्या जिल्ह्याला द्यायचं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. दुसऱ्या एका गुरुजींनी सगळ्या चौकटी गुलाबी करून पाठवल्या. तिसऱ्यांनी टक्केवारीचं गणित दुरुस्त केलं होतं, आणि ते खरंच चुकलेलं होतं, पण त्याच फ्लॉपीत त्यांनी क्रमांक काढायची रीतही बदलली होती, संक्रांतीच्या शुभेच्छाही घातल्या होत्या आणि 'गैरहजर' हा शब्द काढून टाकला होता, कारण त्यांच्या शाळेत कोणी गैरहजर राहतच नाही. यातलं मला काय हवं, काय नको, हे वेगळं कसं काढायचं? सगळं एकात एक कालवलेलं. फाइलची नावं 'नवीन', 'नवीन दोन', 'एकदम नवीन'.

हे सगळं यायचं एसटीने. कंडक्टरच्या हाती पाकीट देऊन मग शाळेत फोन करायचे, 'गाडी निघाली'. एकदा फ्लॉपीबरोबर डब्यात चिवडा आला. डबा चांगला होता, फ्लॉपी तेलकट झाली होती. आणि प्रत्येक पाकिटावर नाव माझ्या नवऱ्याचं. 'प्रति, श्रीयुत'. प्रोग्रॅम मी लिहिला आहे हे मी सांगायची, ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, 'हो, पण साहेबांना एकदा दाखवून घ्या.' साहेबांना आमच्या घरच्या टीव्हीचा रिमोट नीट चालवता येत नव्हता.

सुरुवातीची दोन वर्षं मी भिडेपोटी बरंच काही आत घेतलं. इतक्या लांबून, इतक्या आपुलकीने आणलेलं परत कसं करायचं? आपल्याकडे पाहुण्याने आणलेली भाजीची जुडीसुद्धा कोणी परत देत नाही. त्यामुळे प्रोग्रॅम फुगत गेला आणि कुठे काय कोणी घातलं हे मलाही कळेना. उदाहरण सांगते. एका वर्षी छापील यादीत 'नापास' हा शब्द अचानक चौपट मोठ्या अक्षरांत, जाड चौकटीत यायला लागला. कोणी केलं, कधी केलं, काही पत्ता नाही. बाकी बेरजा बरोबर येत होत्या, म्हणून मी तो तसाच राहू दिला. तेवढं खोदत बसायला वेळ कोणाला होता?

मग एकदा रेल्वे स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून मी परदेशातल्या एका प्रकल्पाला एक दुरुस्ती पाठवली. त्यांचा प्रोग्रॅम मी शाळेत वापरत होते, त्यात मला एक चूक सापडली होती. मला वाटलं, लोक आभार मानतील. उत्तर आलं की तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आहेत, वेगळ्या करून पाठवा. वेगळ्या केल्या. उत्तर आलं की का बदललं ते लिहिलेलं नाही. मी घरी येऊन अशी चिडले, की नवऱ्याने गुपचूप आपलं ताट आपण वाढून घेतलं. चूक त्यांची, ती शोधून मी दिली, आणि वर मलाच प्रश्न! पण तिसऱ्या खेपेला सगळं नीट लिहून पाठवलं तेव्हा त्यांनी ते घेतलं, आणि त्यांच्या नियमांचं पान मी पुन्हा शांतपणे वाचलं. वाचता वाचता मला आमच्या गुलाबी चौकटी आठवल्या. नियम मला पटले, आणि पटल्याचा राग आला.

ते नियम मी मराठीत माझ्या पद्धतीने लिहिले. एका वेळी एकच बदल करा. दुसऱ्या कशाला हात लावू नका. आधी आपल्या शाळेत चालवून पाहा. स्वतःच्या शाळेचं, देवाचं आणि साहेबांचं नाव घालू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय बदललं ते एका ओळीत आणि का बदललं ते दुसऱ्या ओळीत लिहा. त्या दोन ओळी कोडमध्येच, बदलाच्या डोक्यावर राहतील आणि सगळ्या शाळांना दिसतील. त्या नसतील तर बदल घेतला जाणार नाही. नवऱ्याने वाचून पाहिलं आणि तो म्हणाला की 'कृपया' राहिलं. मी 'कृपया' घातलं.

शंभरेक प्रती काढून मी त्या सीडीबरोबर वाटल्या. आता तरी सुधारतील, असं वाटलं. एका मुख्याध्यापकांनी कळवलं, नियम अतिशय सुंदर आहेत, अक्षरही सुरेख. एका शाळेत गेले तर ऑफिसात ते पान काच लावून, फ्रेम करून भिंतीवर, वरती झेंडूचा हार. त्याच शाळेतून पुढच्या आठवड्यात सीडी आली तिच्यात सतरा गोष्टी बदललेल्या, एकीचंही कारण नाही. दुसऱ्या एका गावी 'दुसऱ्या कशाला हात लावू नका' हे वाक्य परिपाठाला मुलांकडून म्हणवून घेतलं. मी कपाळाला हात लावला. नियम पाळायचे असतात, त्यांची पूजा करायची नसते, हे या जिल्ह्याला कोण सांगणार?

आणि मग आले जवाईबुवा.

माझ्या नणंदेचे यजमान आष्टीकडच्या एका शाळेत शिक्षक होते. इतिहास शिकवायचे. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा तो कोणीतरी सांभाळायचा म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांच्या गळ्यात घातला, आणि त्यांनी तो निष्ठेने सांभाळला. आष्टीत क्लास लावला, पुस्तकं आणली, हळूहळू कोडही वाचायला लागले, पोरीलाही शेजारी बसवून शिकवायला लागले. माणूस सरळ. वर्गात शिस्तीचे, घरात अबोल. पण आमच्या घरी आले की ते शिक्षक नसायचे, जवाई असायचे. त्यांना पाण्याचा तांब्या वेगळा, उशी वेगळी, कूलरसमोरची जागा त्यांची. ते 'नको' म्हणाले तरी वाढायचं, आणि त्यांनी आणलं ते घ्यायचं. सासूबाईंच्या राज्यात यावर चर्चा नव्हती.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी सासूबाईंनी लेक-जावयाला रसाच्या जेवणाला बोलावलं. आंबे स्वस्त झाले नव्हते तरी बोलावलं. सोबत त्यांची मुलगी नव्हती, ती त्यांच्याच शाळेत नववीत होती, परीक्षा देऊन काकाकडे रोहण्याला गेली होती. कुरड्या, वडे, रस असं भरपेट जेवण झाल्यावर जवाईबुवांनी पिशवीतून एक सीडी काढली आणि माझ्या हातात द्यायच्या ऐवजी सासूबाईंच्या हातात दिली. म्हणाले, सुनबाईच्या प्रोग्रॅमसाठी थोडं काम करून आणलं आहे. सासूबाईंना सीडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण जवायाने आणलं एवढं पुरे होतं. त्यांनी ती देवापुढे नेऊन ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं. चमकती बाजू वर होती, चांगली दिसते म्हणून तिलाच लावलं.

मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत पूजा होऊन गेली होती. मला हसावं की रडावं कळेना. फडक्याने पुसून, हलक्या हाताने, ती सीडी मी कशीबशी चालू केली. सासूबाई मागे उभ्या राहून म्हणत होत्या, 'पुसते काऊन वं? जवायानं आणलं ते.' कॉम्प्युटर हीच बाजू वाचतो, पुसल्याशिवाय त्याला वाचता येत नाही, हे मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

उघडून पाहिलं तर नेहमीचंच. काय बदललं याची ओळ नाही, का बदललं याची नाही. नियमांचं पान मी स्वतः आष्टीला पाठवलेलं, तरी नाही. इकडे दोन रंग बदललेले, तिकडे एक शब्द. घरचाच माणूस नियम पाळत नसेल तर बाहेरच्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? मी एकेक ओळ जुन्या कोडशी ताडून पाहत गेले. जवाईबुवा बाजूच्या खुर्चीत बसले होते. ते फार पाणी पीत होते.

मधेच कुठेतरी, रंगांच्या ओळींमध्ये, एक लहानशी नवी ओळ सापडली. एखाद्या विषयात गुण एकतीस किंवा त्याहून जास्त असतील आणि पस्तीसपेक्षा कमी, तर ते पस्तीस करायचे. बस्स. ना खूण, ना वाढीव गुणांचा तारा, ना कुठे नोंद. छापील यादीत सरळ पस्तीस दिसणार आणि पोरगं पास. हा बदल मी घेतला असता तर आठ दिवसांत तो साऱ्या शाळांत गेला असता आणि कुठल्याच मास्तरला कळलं नसतं.

मी आधी रागावले ते चोरून केल्याबद्दल. भाऊजी, हे काय आहे, असं विचारलं. ते म्हणाले, विद्यार्थ्यांच्या हितासाठी. शाळेला वाटलं तर शाळेने वाढीव गुण द्यावेत, पण दिले म्हणून यादीत दिसले पाहिजेत, प्रोग्रॅमने गुपचूप कसे द्यायचे, असं मी म्हटलं. ते म्हणाले, लेकरांचं एक वर्ष वाया जाते. मी म्हटलं, ठीक आहे, मी हे वेगळं काढते, बाकीचे रंगबिंग बाजूला ठेवते, आणि नियमाप्रमाणे दोन ओळी लिहिते. काय बदललं ते मला कळलं. का बदललं ते तुम्ही सांगा, मी टाइप करते.

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. पडद्यावर 'का' या शब्दापुढे कर्सर लुकलुकत होता. सासूबाई दारात, नणंद त्यांच्यामागे.

मला तेव्हा खरंच एक प्रश्न पडला होता, म्हणून मी तो विचारला. एखाद्याला सूट द्यायची तर माणूस तीस म्हणेल, बत्तीस म्हणेल. एकतीस कुठून आलं?

'माह्या पोरीले गणितात एकतीस आहेत,' ते म्हणाले.

नणंदेने पदर तोंडाला लावला, त्यावरून मला समजलं की तिलाही हे आत्ताच कळत होतं.

माझा राग एकदम कुठे गेला ते मला कळलं नाही. मी म्हटलं, भाऊजी, मुख्याध्यापकांना सांगा ना. सरळ सांगा. चार गुण ते देऊ शकतात, यादीत तारा मारतील, एवढंच होईल. ते मान हलवत राहिले. 'मी कसा मांगू? सालभर दुसऱ्याच्या बापाईले मीच नाई म्हणून राह्यलो. आता माह्या पोरीसाठी हात पसरू? कॉम्प्युटरनं केलं असतं तं कोणी काई म्हटलं नसतं.'

म्हणजे त्यांनी एका पोरीला पास करण्यासाठी सगळ्या जिल्ह्याची एकतिशी पास करायचं ठरवलं होतं. नुसतं आपल्याच शाळेत केलं तर बोट आपल्याकडे येईल, तेव्हा स्वतःला कोणी बोलू नये म्हणून. यात लबाडी होती, आणि तिच्याहून जास्त लाज होती. मला त्यांची कीव आली आणि चीडही आली, दोन्ही एकाच वेळी. मी विचारलं, मग 'का' पुढे हेच लिहू? हा बदल आत गेला तर ही ओळ सगळ्या शाळांकडे जाईल.

'लिहू नका,' ते म्हणाले.

'मग घेता येत नाही, भाऊजी.'

त्यांनी स्वतः उठून सीडी काढली, पिशवीत ठेवली. संध्याकाळच्या आष्टीच्या गाडीने दोघं गेले. राहणार होते, राहिले नाहीत. आंब्याची टोपली तशीच उरली. सासूबाई त्या दिवशी एकदाच बोलल्या. 'जवाई घरातून उपाशी गेल्यासारखा गेला वं,' म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांनी माझ्या कॉम्प्युटरकडे पाहणंच सोडून दिलं. खोली झाडतानासुद्धा तेवढी जागा सोडून झाडायच्या. नवरा मधे पडायला तयार नव्हता. तुझं बरोबर आहे, असं तो मला म्हणायचा आणि आईचंही बरोबर आहे, असं आईला. असला माणूस घरात असून नसल्यासारखा.

निकाल लागला तेव्हा नणंदेचा फोन आला, माझ्यासाठी नव्हे, आईसाठी. नवऱ्याने नंतर मला सांगितलं. मुलगी नापास झाली होती. यादी जवाईबुवांनीच कॉम्प्युटरवर काढली, स्वतःच्या हाताने फळ्यावर लावली, पण घरी पोरीला सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. ती सकाळी तेल लावून, वेणी घालून, मैत्रिणींबरोबर निकाल पाहायला गेली आणि फाटकातूनच परत आली. फळ्यापर्यंत गेलीच नाही म्हणे. आम्हाला वाटलं, कोणीतरी वाटेत सांगितलं असेल.

पुढचं वर्ष तसंच गेलं. दिवाळीत नणंद आली नाही, भाऊबीज नवरा आष्टीला जाऊन करून आला. मी घरात होते तिथेच होते. सण आले की सासूबाई माझ्या हातचं खायच्या, पण 'जवाईबुवा असते तं' असं एक वाक्य ताटाशेजारी वाढून ठेवायच्या. माझं काही चुकलं नव्हतं असं मी रोज स्वतःला सांगत होते, आणि रोज सांगावं लागत होतं याचाच मला वैताग येत होता. त्या चार गुणांनी कोणाचं काय वाकडं झालं असतं, असंही कधी कधी वाटायचं. मग शाळेतून कोणाची तरी नवी सीडी यायची, तीत नवा गणपती, आणि मी पुन्हा पहिल्यासारखी चिडायची. निदान त्या चिडण्यात काही शंका नव्हती.

वर्षभराने, पुन्हा एप्रिलमध्ये, दुपारी शाळेतून घरी आले तर टेबलावर आष्टीहून आलेलं पाकीट. एसटीच्या धुळीने माखलेलं. नाव या खेपेला माझं होतं. मला वाटलं जवाईबुवा. मनाची तयारी करून मी सीडी लावली. रंग पाहिले, जसेच्या तसे. बेरजा पाहिल्या, जशाच्या तशा. शब्द, चौकटी, क्रमांक, कुठेही हात लावलेला नाही. आत एकच बदल होता, आणि त्याच्या डोक्यावर दोन ओळी होत्या, इंग्रजी अक्षरांत मराठी. इतक्या वर्षांत माझ्या नियमांप्रमाणे आलेली ती पहिली सुधारणा.

काय बदललं: नापास हा शब्द पास एवढाच लहान केला, चौकट काढली.

का: फाटकातूनच दिसते.

खाली जवाईबुवांच्या पोरीचं नाव, इयत्ता नववी.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तो जाड, चौकटीतला शब्द कोणी घातला ते मला तोपर्यंत कधीच कळलं नव्हतं आणि कळून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. बेरजा बरोबर येत होत्या ना. आष्टीच्या त्या शाळेचं फाटक मी पाहिलेलं होतं. निकालाचा फळा असतो तो व्हरांडा तिथून बराच लांब आहे. पण त्या अक्षरांना लांब काय? पोरगी वेणी घालून, नटूनथटून, मैत्रिणींच्या घोळक्यात तिथपर्यंत गेली, तिला तिच्या ओळीतली चौकट दिसली, आणि ती वळली. तिच्याबरोबरच्या सगळ्यांनाही ती दिसली. मला एकदम रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही.

तपासायचं म्हणून मी यादी छापून पाहिली. पास, पास, नापास, पास. सगळे एका उंचीचे. दारापर्यंत मागे गेले, दिसत नव्हतं. जवळ जावं लागत होतं. मी बदल आत घेतला, तिच्या दोन ओळींसकट, काही प्रश्न न विचारता, आणि त्या वर्षीच्या सीडीत तो सगळ्या शाळांना गेला.

प्रिंटरचा आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या होत्या. कॉम्प्युटरकडे न बघता त्यांनी विचारलं, 'कोणाचं आलं?'

'तुमच्या नातीचं,' मी म्हटलं. 'मी घेतलं.'

त्या आत आल्या. त्यांनी हात पुढे केला, मी सीडी दिली. देवघरापर्यंत गेल्या, कुंकवाचा करंडा उघडल्याचा आवाज आला.

'याले कुंकू कोणत्या बाजूनं लावा लागते वं?' त्यांनी तिथूनच विचारलं.

मी उठून गेले आणि त्यांना बाजू दाखवली.